कुर्डुवाडी स्टेशनला 'बार्शी रोड' का म्हणायचे? आणि छोट्या गाडीबद्दल माहिती हवी आहे

प्रश्न : हमालाचा नातू

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात कुर्डुवाडीचं आमचं जुनं घर आवरायला काढलं, तेव्हा माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत एक लोखंडी हुक, साधारण वीतभर लांब, टोक चांगलंच अणकुचीदार, आणि एक पितळी बिल्ला. बिल्ल्यावर नंबर आहे आणि वर इंग्रजीत बी. एल. आर. अशी तीन अक्षरं. आजोबा स्टेशनवर हमाली करायचे एवढं सगळ्यांना माहीत होतं, पण ते नेमकं काय करायचे हे मी कधी विचारलंच नाही, ते गेले तेव्हा मी सातवीत होतो.

वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, बार्शी लाईटचा बिल्ला आहे तो, तुझा आजा म्हणायचा की आपण बार्शी रोडला पोट भरायला आलो. आता बार्शी रोड म्हणजे मला वाटलं बार्शीला जाणारा रस्ता, तर ते म्हणाले नाही, कुर्डुवाडी स्टेशनलाच बार्शी रोड म्हणायचे. बार्शी इथून पस्तीसेक किलोमीटर लांब, मग स्टेशनला तिचं नाव का? आणि एवढी मोठी बाजारपेठ सोडून मुंबई-सोलापूर मेन लाईन कुर्डुवाडीवरून का गेली? आमच्याकडे सांगतात की बार्शीच्या व्यापाऱ्यांनीच रेल्वे नको म्हटलं, खरं आहे का हे?

अजून एक मनात आहे. माझ्या लहानपणी या स्टेशनवर दिवसरात्र माणसं असायची, वळकट्या, पोती, चहाच्या किटल्या, छोट्या गाडीची (नॅरो गेजची) वाट बघत फलाटावर झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं. आता गाड्या कितीतरी वाढल्यात तरी तसं काही दिसत नाही. असं कशामुळे झालं, ज्यांना माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा, बिल्ल्याचं तर नक्कीच सांगा.

उत्तर : नकाशेवेडा

बार्शी रोडचं आधी सांगतो. रेल्वेने एखाद्या मोठ्या गावासाठी स्टेशन काढलं पण रूळ गावापासून लांब असले की त्या स्टेशनला गावाच्या नावापुढे 'रोड' लावायची पद्धत होती, म्हणजे इथे उतरा आणि पुढे रस्त्याने त्या गावाला जा. नाशिक रोड, लातूर रोड, तिकडे राजस्थानात अबू रोड, सगळी त्यातलीच. कुर्डुवाडी तेव्हा छोटं खेडं होतं, माल आणि माणसं यायची ती बार्शीची, म्हणून नाव बार्शी रोड. पुढे स्टेशनभोवती गाव एवढं वाढलं की त्याचं स्वतःचं नाव फलाटावर आलं.

आता मेन लाईन. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८५३ ला मुंबई-ठाणे धावली हे सगळे शाळेत शिकलोय, पण त्यानंतर रूळ ज्या क्रमाने पुढे सरकले ते बघण्यासारखं आहे. १८५८ ला खंडाळा ते पुणे सुरू झालं, १८५९ ला रूळ बार्शी रोडला पोचले, १८६० ला सोलापूर. आणि या सगळ्या काळात बोरघाट झालेलाच नव्हता! घाटातली लाईन १८६३ ला सुरू झाली. म्हणजे बार्शी रोडला पहिल्यांदा गाडी लागली तेव्हा मुंबईला जाणारा माणूस आणि माल खंडाळ्याला उतरून घाट खाली जायचा आणि खोपोलीला दुसऱ्या गाडीत चढायचा. तरीही लोक यायचे, कारण त्याआधी सगळा रस्ता बैलगाडीचा होता. काही महिने तर बार्शी रोड हेच शेवटचं स्टेशन होतं, त्यापुढे रूळच नव्हते.

लगेच १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. बार्शी म्हणजे बालाघाटच्या पायथ्याची पेठ, पलीकडे निजामाचा मुलूख, तिकडचा कापूस आणि गळिताचं धान्य बार्शीत उतरायचं आणि तिथून गाड्या जुंपून बार्शी रोडला. या पस्तीस किलोमीटरच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागायची.

व्यापाऱ्यांनी नको म्हटलं ही गोष्ट मी किमान दहा गावांबद्दल ऐकली आहे, ज्या ज्या गावाला रेल्वे चुकली त्या प्रत्येक गावात ही सांगतात. माझं म्हणणं, नकाशा काढा आणि मेन लाईनवरच्या जेऊर ते सोलापूर पट्टी ठेवा. रेल्वेला जायचं होतं सोलापूर आणि पुढे रायचूरला, तिथे मद्रासकडून येणारी लाईन भेटणार होती (ती १८७१ ला भेटली). बार्शी त्या पट्टीच्या बरीच वर, ईशान्येला पडते. तिच्यासाठी लाईन वर न्यायची आणि परत खाली सोलापूरला आणायची हा वळसा कंपनीने पैसे घालून का घेतला असता? गावाने नको म्हणायची वेळच येत नाही.

उत्तर : जुना नॅरोगेजवाला

नातू, तुझी पोस्ट वाचून दोनदा चष्मा पुसला. मी या लाईनवर नोकरी केली, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली.

बी. एल. आर. म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. जी.आय.पी. वेगळी आणि ही वेगळी, दोन वेगवेगळ्या कंपन्या. बार्शी लाईट ही लंडनमध्ये १८९५ ला स्थापन झालेली कंपनी, आणि तिने मार्च १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी टाऊन छोटी लाईन सुरू केली. अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांत ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाईनचं गेज साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर. कुर्डुवाडीला एका बाजूला मोठी गाडी आणि दुसऱ्या बाजूला छोटी, मालक वेगळे, रूळ वेगळे, डबे वेगळे. कंपनी सरकारने १ जानेवारी १९५४ ला ताब्यात घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत आली. त्यामुळे तुझ्या आजोबांचा बिल्ला हा १९५४ च्या आधीचा आहे, नंतर ही अक्षरं घालायचं कारणच राहिलं नाही. जपून ठेव, भंगारात देऊ नको.

आता हुक. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळावर जात नाही आणि छोट्याचा मोठ्यावर जात नाही. बार्शीहून आलेली रुईची गासडी मुंबईला जायची तर ती कुर्डुवाडीला छोट्या डब्यातून बाहेर काढायची आणि मोठ्या डब्यात चढवायची. मुंबईहून आलेलं लोखंड, कापड, साखर, मीठ, उलटं. हे सगळं माणसाच्या हाताने. आम्ही त्याला ट्रान्सशिपमेंट म्हणायचो. शेंगा, करडई, ज्वारी पोत्यात, ती पाठीवर. पण गासडी दाबून पट्ट्या मारलेली असते, तिला हाताने धरायला काही नसतं, मग हुक मारायचा आणि दोघातिघांनी ओढायची. हुक ज्याचा त्याचा स्वतःचा असायचा आणि कुणी दुसऱ्याला देत नसे.

एक लक्षात घे. बार्शी, लातूर, पंढरपूर, त्या बाजूचा जेवढा माल रेल्वेने मुंबईला गेला किंवा तिकडून आला, त्यातला बहुतेक सगळा कुर्डुवाडीला माणसाच्या अंगावरून गेला. कुर्डुवाडी मोठी झाली ती या कामामुळे. इथे ना मोठी नदी, ना जुनी पेठ, ना देवस्थान. दोन गेज भेटतात आणि पुढे जाता येत नाही, एवढ्यावर हे गाव उभं राहिलं.

उत्तर : इंजिनप्रेमी

वा काका! थोडं इंजिनीअरिंग माझ्याकडून, कारण या लाईनची खरी कमाल तिथेच आहे आणि आपल्याकडे तिची 'बैलगाडीसारखी चालायची' एवढीच आठवण सांगतात, त्याने मला वाईट वाटतं.

ही लाईन बांधणारा इंजिनीअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. तो आधी जी.आय.पी. मध्येच नोकरीला होता, तेव्हा त्याने हा भाग पाहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. छोटी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची लहान नक्कल करायची नाही. आधी ठरवायचं की एका एक्सलवर (चाकांच्या जोडीच्या दांड्यावर) जास्तीत जास्त पाच टन येणार, मग ते इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, सगळ्यांना तोच नियम. वजन सारखं वाटलं गेलं की हलका रूळ पुरतो. त्याने टाकलेला रूळ यार्डाला तीस पौंड, म्हणजे मीटरला पंधरा किलोच्या आसपास. आज मेन लाईनला मीटरला साठ किलोचा रूळ असतो, यावरून अंदाज घ्या. हलका रूळ म्हणजे स्वस्त लाईन, आणि लाईन स्वस्त म्हणून ज्या गावांना मोठी रेल्वे कधीच परवडली नसती त्यांना रेल्वे मिळाली.

मालडब्यांना खाली दोन बोगी (चाकांचे सांगाडे), म्हणजे चार एक्सल. चार गुणिले पाच, भरलेला डबा वीस टनापर्यंत. अडीच फुटी रुळावर वीस टन! इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, त्यांना चालकचाकांच्या चार जोड्या, त्यामुळे ओढायला ताकद पण मिळायची आणि कुठल्याच एका ठिकाणी रुळावर जास्त भार यायचा नाही. गाडी सावकाश जायची कारण ती तशीच आखली होती, वळणं तीव्र ठेवली म्हणजे खोदकाम, भराव कमी लागतात. वेग सोडला आणि खर्च वाचवला, हा समजून केलेला हिशोब होता.

आणि हे बघा, बार्शीवर जे जमलं तेच घेऊन कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची त्याच अडीच फुटी गेजची लाईन केली, ती १९०४ ला सुरू झाली. म्हणजे आधी बार्शी आणि मग इंग्लंड. ती लाईन १९३४ ला बंद पडली, आपली त्यानंतर सत्तर वर्षं चालली. याच माणसाने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट केलं, 'गार्डियन एंजल' नावाचं, पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स (रोल्स रॉईसमधला रोल्स) १९१० ला विमान कोसळून गेला, त्याचा धक्का कॅलथ्रॉपला बसला होता. बार्शीत त्याच्या नावाचा साधा फलक तरी असावा असं मला मनापासून वाटतं.

उत्तर : चंद्रभागेची लेक

आमच्या पंढरपूरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कुर्डुवाडीहून पंढरपूरला छोटी लाईन १९०६ ला आली आणि मग १९२७ ला पंढरपूरहून सांगोला, कवठेमहांकाळ करत मिरजेपर्यंत गेली. वर रोडचं लिहिलंय ना, या लाईनवर पण एक आहे, जत रोड.

बाकी वर्षभर माल महत्त्वाचा असेल, पण आषाढी-कार्तिकीला ही लाईन वारकऱ्यांची. माझी आजी सांगायची की वारीला प्रवासी डबे पुरायचेच नाहीत, मग मालडबे जोडायचे आणि त्यात माणसं बसायची, खाली बारदान नाहीतर स्वतःचं घोंगडं टाकून. तिचं माहेर मराठवाड्यातलं, ती लग्न होऊन आली तीच छोट्या गाडीने, येडशीहून कुर्डुवाडी, तिथे गाडी बदलून पंढरपूर. कुर्डुवाडीला रात्र काढली फलाटावर, नवी नवरी आणि वऱ्हाड, पहाटे कुणीतरी भूपाळ्या म्हणायला लागलं आणि सगळा फलाट त्यात मिसळला, हे ती प्रत्येक आषाढीला सांगायची आणि सांगताना प्रत्येक वेळी तिचे डोळे भरायचे.

मी स्वतः लहान असताना मिरजेला मावशीकडे या गाडीने जायचे. मिरज स्टेशन तर तेव्हा वेगळंच प्रकरण होतं, पुणे-कोल्हापूर १९७१ ला मोठं झालं, बेळगाव बाजूची मधल्या मापाची मीटर गेज तशीच, आणि आमची नॅरो गेज, तिन्ही गेजच्या गाड्या एकाच स्टेशनात. मामा मला मुद्दाम तिन्ही रूळ दाखवायला पुलावर न्यायचा.

दारात बसून प्रवास करायचो आणि वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन आपल्याला बाजूने दिसायचं, त्याला हात करायचो. पावसाळ्यात माणदेशात काही फारसं हिरवं नसतं, पण त्या गाडीतून जे काही हिरवं दिसायचं ते इतकं जवळून दिसायचं की हात लावावा.

उत्तर : लातूरचा माणूस

सगळ्यांच्या आठवणी गोड आहेत, पण आमची बाजू पण ऐका. लातूरला ही लाईन १९११ ला आली आणि लातूरची आडत, मोंढा, इथला सगळा व्यापार जो वाढला त्यात तिचा मोठा वाटा, त्याबद्दल तिचे उपकार आहेतच. निजामाच्या राज्यातलं गाव थेट मुंबईच्या बाजाराला जोडलं गेलं ते कुर्डुवाडीमार्गे. १९४१ ला बाबासाहेब आंबेडकरांची महार-मांग वतनदार परिषद कसबे तडवळ्याला झाली ना, ते गाव याच लाईनवरचं. म्हणजे या रुळावरून फक्त कापूस आणि शेंगा गेल्या नाहीत.

पण पुढच्या काळात आम्ही काय सोसलं ते बघा. मुंबईला नोकरी शोधायला किंवा आजारी माणूस घेऊन निघायचं तर रात्रभर छोट्या गाडीत, कुर्डुवाडीला उतरायचं, सामान डोक्यावर, मग मेन लाईनची गाडी जी आधीच सोलापूरकडून भरून आलेली, तिच्यात घुसायचं. माझ्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन मुंबईला झालं तेव्हा परत येताना त्यांना पहाटे त्या फलाटावर सिमेंटच्या बाकावर तीन तास झोपवलं होतं मी. त्यामुळे फलाटावरची गर्दी आठवून कुणाला हुरहूर लागत असेल तर मला ती लागत नाही, त्या गर्दीत आम्ही होतो.

ब्रॉडगेजसाठी, म्हणजे मोठ्या लाईनसाठी, लातूर, उस्मानाबाद, बार्शी, पंढरपूर सगळीकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी झालं, मग लातूर ते उस्मानाबाद २००७, उस्मानाबाद ते कुर्डुवाडी २००८, आणि पंढरपूर-मिरज २०१०. जुनी लाईन उस्मानाबाद शहराला शिवतच नव्हती, येडशीवरून सरळ तडवळे, ढोकीकडे निघून जायची, जिल्ह्याचं ठिकाण असून रेल्वे नाही. नव्या लाईनने वळण घेतलं आणि शहराला स्टेशन मिळालं, आता ते धाराशिव. आज रात्री लातूरला बसलं की सकाळी मुंबई, मधे कुठेही उतरायचं नाही. याची किंमत ज्याने कुर्डुवाडीला गाडी बदलली त्यालाच कळते.

आणि २०१६ चा एप्रिल कसा विसरू. गावात नळाला पाणी नाही, टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावलेली, आणि मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी, नंतर पन्नास टाक्यांची गाडी, पंचवीस लाख लिटर. ती आली कुठून, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. धाराशिवकडचं वळण सोडलं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ही बार्शी लाईटचीच वाट. गेज बदललं नसतं तर त्या टाक्या कुर्डुवाडीला अडकल्या असत्या. पाणी काय पाठीवरून दुसऱ्या डब्यात घालणार होतो का?

उत्तर : नकाशेवेडा

लातूरकर, हे मी कधी असं जोडून पाहिलंच नव्हतं. मिरज ते लातूर, म्हणजे १९२७ ला पूर्ण झालेली लाईन जवळजवळ जशीच्या तशी. आणि अजून एक, बार्शीची पहिली गाडी १८९७ च्या मार्चमध्ये सुरू झाली तेव्हाही दख्खनेत दुष्काळच होता, १८९६-९७ चा.

बाकी सोलापूर-तुळजापूर-धाराशिव नवीन लाईनचं काम चालू आहे. ती झाली की सोलापूर बाजूहून धाराशिवला जायला कुर्डुवाडीला यायची गरज नाही. नकाशा अजून बदलतोय.

उत्तर : हमालाचा नातू

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना सगळी उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. गासडी आणि हुकचं आलं तेव्हा ते म्हणाले थांब, परत वाच.

मग ते बोलायला लागले, आणि इतकं ते याविषयी माझ्याशी कधीच बोलले नव्हते. आजोबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता म्हणे, सदरा नेहमी एका बाजूला घसरायचा, आणि आजी त्या बाजूला आतून टाका घालायची. रात्री घरी शिट्टी ऐकू आली की झोपेतच सांगायचे की लातूरची आली, किंवा मिरजेची आली. लातूरची आली की उठून बसायचे कारण तिच्यात माल जास्त. ब्रॉडगेजच्या कामाला सुरवात झाली तेव्हा आजोबा नव्हते, पण आमच्या गल्लीतले त्यांच्याबरोबरचे दोघे होते, ते रोज संध्याकाळी जुन्या गोदामापाशी जाऊन बसायचे.

लातूरकर दादा, तुमचं पटलं. मी लहानपणी जी माणसं फलाटावर झोपलेली बघायचो ती कुणीतरी आजारी, कुणीतरी दमलेली असणार हे मला कधी सुचलंच नाही, मला ती जत्रा वाटायची. आणि तरी आमच्या घराचा पहिला पत्रा त्या मालाच्या चढउताराच्या पैशावर चढला, वडिलांची फी त्यावर भरली गेली, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवणं मला जरा जड जातंय.

उत्तर : जुना नॅरोगेजवाला

जड जाऊ दे. मलाही जातं. शेवटची छोटी गाडी गेली त्या दिवशी मी फलाटावर होतो, इंजिनाला हार घातले होते, लोक रुळावर नारळ फोडत होते आणि एक म्हातारी डब्याला हात लावून पाया पडत होती. त्याच दिवशी घरी येऊन बायकोला म्हटलं, चला, आता कुणाच्या पोराला गासडी ओढावी लागणार नाही. तुझ्या आजोबांसारख्या कितीतरी माणसांचे मणके मी वाकलेले पाहिले आहेत, चाळिशीतच सरळ उभं राहता यायचं नाही. ते काम परत यावं असं मी कधी म्हणणार नाही. पण ती माणसं कोण होती हे कुठेतरी लिहिलेलं असावं. कॅलथ्रॉप साहेबाचा फलक लावा, जरूर लावा, आणि त्याच्या शेजारी ट्रान्सशिपमेंटच्या हमालांचाही लावा.

रेल्वेचं वर्कशॉप अजून आहे, गावात त्याच्यावर घरं चालतात, त्यामुळे कुर्डुवाडी अगदीच सुनी झाली असं समजू नको.

बिल्ल्याचा नंबर किती आहे? आणि हुकला मूठ आहे का?

उत्तर : हमालाचा नातू

काका, नंबर ११४. राख आणि चिंचेने घासला तेव्हा नीट वाचता आला. हुकला मूठ नाही, वरच्या टोकाला लोखंड नुसतं वळवून वेढा केलाय, त्यात काहीतरी बसवलेलं असावं असं वाटतं. गंज काढून रॉकेल लावून ठेवलाय.

उत्तर : जुना नॅरोगेजवाला

मूठ होती, लाकडाची आडवी, बाभळीची. वेढ्यातून आरपार घालायचे म्हणजे चार बोटांत पकड येते. ती पहिली झिजते, दर दोनतीन वर्षांनी नवी करायला लागायची. सुताराला हुक दाखव, आणि मूठ वडिलांच्या हाताच्या मापाने करून घे.